वसतिगृहाच्या न्यायमंडळावर बसताय? तक्रारपेटीपासून निकालानंतरच्या आठवड्यापर्यंत

सुनावणी रविवारी दुपारी तीनला असते आणि निकाल शुक्रवारी रात्री मेसच्या रांगेतच लागलेला असतो. निवासी शाळांमधली विद्यार्थी न्यायमंडळं बहुतेक इथेच फसतात. रविवारी उरतो तो नुसता सोपस्कार. पाच जण सतरंजीवर बसतात, एकाला समोर उभं करतात, 'तू घेतलास ना?' असं विचारतात आणि तो मान खाली घालतो. मग वहीत लिहिलं जातं : कबूल केलं.

मी नववीत असताना अशा मंडळावर होतो, पुढे काही वर्षं वसतिगृहाचा रेक्टरही होतो. दोन्हीकडे त्याच चुका पाहिल्या, पहिल्या वेळी तर माझ्याच हातून झाल्या. यंदा ज्या मुलामुलींची निवड झाली आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मार्गदर्शक शिक्षकांसाठी हा लेख आहे. तुमच्याकडे याला बालपंचायत म्हणत असतील किंवा न्याय समिती. काम तेच.

बाहेरच्या कोर्टातले न्यायाधीश संध्याकाळी आपापल्या घरी जातात. तुम्हाला मात्र त्याच हॉलमध्ये, कदाचित ज्याच्यावर तक्रार आहे त्याच्या शेजारच्या कॉटवर झोपायचंय आणि सकाळी त्याच्याच नळावर तोंड धुवायचंय. खालच्या पायऱ्या किचकट वाटल्या तर हे आठवा.

१. कोणती तक्रार घ्यायचीच नाही, ते आधी ठरवा

पहिल्या बैठकीत एकही तक्रार ऐकू नका. एका कागदावर दोन याद्या करा आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या.

आपल्यापुढे येऊ शकणाऱ्या गोष्टी अशा : डबा, बादली, साबण, चपला गायब होणं. न विचारता दुसऱ्याचं सामान वापरणं. झाडलोटीची पाळी चुकवणं. अभ्यासिकेतला गोंधळ. गरम पाण्याच्या रांगेत घुसणं. खिडकीजवळच्या कॉटवरून भांडण. एवढं वर्षभर पुरतं.

आपल्यापुढे न येणाऱ्या गोष्टींची यादी जास्त महत्त्वाची आहे :

– नको तसा स्पर्श, कपडे काढायला लावणं, तसले फोटो किंवा व्हिडिओ. हा पॉक्सो कायद्याचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याचा विषय आहे. त्याच्या कलम १९ नुसार असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आपसात मिटवू' हा पर्याय शाळेलाही नाही, तुम्हाला तर नाहीच.

– रॅगिंग. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची असते.

– जात, जमात, धर्म, रंग किंवा अपंगत्वावरून केलेला अपमान. हा बहुतेक वेळा 'चिडवतो' या नावाने तुमच्यापर्यंत येतो. म्हणून चिडवण्याची तक्रार आली की पहिला प्रश्न, 'नेमका कोणता शब्द वापरला?'

– रक्त येईपर्यंत मारामारी, हत्यार, दारू-तंबाखू-गांजा.

– स्वतःला इजा करण्याची भाषा. यात रविवारची वाट पाहायची नाही, त्याच मिनिटाला मोठ्या माणसाला गाठायचं.

– शिक्षक, रेक्टर, आचारी किंवा शिपायाविरुद्धची तक्रार. ती मुख्याध्यापकांकडे जाते. तिथेही दाद लागत नसेल किंवा तक्रार त्यांच्याचविरुद्ध असेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो चोवीस तास चालू असतो. हा नंबर पाण्याच्या टाकीजवळ मोठ्या अक्षरात रंगवून घ्या.

यातलं काही एखादं मूल तुमच्याजवळ बोलायला लागलं, तर तपशील विचारत बसू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. एवढंच म्हणा : 'सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. हे आमच्या मंडळाचं काम नाही, पण मी आत्ता तुझ्याबरोबर मॅडमकडे येतो.' आणि खरंच उठून बरोबर जा.

सावधान : 'प्रकरण मोठं आहे, पण सगळ्यांसमोर नको, आपणच बघू' असं कुणी मोठ्या माणसाने सुचवलं, तर ते न्यायमंडळाचं काम नव्हे. नकार द्या आणि वहीत तारखेसह तशी नोंद करा.

२. सामान आणि जागा

पानांना क्रमांक घातलेल्या दोन वह्या घ्या, एक तक्रारींची, एक निकालांची. सुट्या कागदांवर काही लिहू नका, ते दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी दप्तरात निघतात. एक कुलूपबंद पेटी लागेल. ही पेटी रेक्टरच्या दाराशी लावली की तीत वर्षभर काही पडत नाही, कारण तिथे उभं राहणाऱ्याला सगळे बघतात. ती पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ लावा. तिथे दिवसभर कोणीही उभं असतं.

सुनावणी मेसमध्ये घेऊ नका, खिडक्यांना डोकी लागतात. वाचनालय किंवा कोपऱ्यातला वर्ग बरा. सगळे सतरंजीवर गोल बसा. कुणालाही खुर्ची नाही, कुणीही उभं नाही. मार्गदर्शक शिक्षक दाराजवळ बसतील. त्यांना मत नाही, पण सुनावणी थांबवण्याचा अधिकार आहे.

३. तक्रार लिहून घेणं : अर्धं काम इथेच होतं

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला पंधरवडा म्हणजे न्यायमंडळाचा हंगाम. पत्र्याच्या पेट्यांमधून लाडू-चकल्यांचा वास येत असतो आणि मेसमध्ये रोजचीच आमटी असते. तेव्हा उदाहरण डब्याचंच घेऊ.

पेटीत अशी चिठ्ठी येते : 'तो चोर आहे. त्याने नेहमीप्रमाणे माझा डबा पळवला. त्याला शिक्षा करा.' यात एकही गोष्ट तपासता येण्यासारखी नाही. ही चिठ्ठी फाडू नका आणि तशीच वहीत उतरवूही नका. तक्रारदाराला बाजूला बसवा आणि क्रमाने विचारा : काय गेलं? शेवटचं कधी पाहिलं? नाही हे कधी कळलं? मधल्या वेळात खोलीत कोण होतं? यातलं स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं?

दहा मिनिटांत तीच तक्रार अशी होते : 'सोमवारी साडेपाचला खेळाच्या तासाला जाताना मी स्टीलचा डबा पेटीत ठेवला. पेटीला कुलूप नव्हतं. जेवणानंतर साडेआठला उघडली तेव्हा डबा नव्हता. आत अर्धा डबा चिवडा आणि सात चकल्या होत्या. मी कुणाला घेताना पाहिलं नाही. दोघांनी सांगितलं की तो खेळाला आला नव्हता.'

शेवटची दोन वाक्यं बघा. पहिल्या चिठ्ठीत जो चोर होता, तो आता 'खेळाला न आलेला मुलगा' झाला. वहीत दोन रकाने ठेवा, 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात जातं, हे तक्रारदारालाच ठरवायला सांगा. पाचवी-सहावीची मुलंसुद्धा हे नीट करतात. उलट अकरावीवाले वाद घालतात.

आता सर्वांत उपयोगाचा प्रश्न : 'तुला काय झालेलं हवंय?' बरीचशी प्रकरणं इथेच संपतात. कुणाला डबा परत हवा असतो, आतलं खाल्लं तरी चालेल, कारण डबा आईचा आहे. कुणाला फक्त 'मी घेतला' एवढं ऐकायचं असतं. समोरच्याला निरोप जातो, संध्याकाळी डबा धुऊन कॉटवर येतो आणि वहीत 'परस्पर मिटलं' अशी नोंद होते. अशा नोंदी ज्या वहीत जास्त, ते मंडळ चांगलं चालतंय असं समजा.

भाषेचं एक सांगायलाच हवं. नंदुरबारकडच्या आश्रमशाळांत पावरी किंवा भिली बोलणारी मुलं असतात, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. मराठीत बोलायला लावलं की ही मुलं दोन शब्दांत उत्तर देतात आणि मंडळाला वाटतं, लपवतोय. त्याला त्याच्या बोलीत सांगू द्या. मराठी करून सांगायला दुभाषा म्हणून प्रकरणाशी संबंध नसलेलं कोणी बसवा, आणि लिहिताना त्याचे शब्द सुधारून पुस्तकी करू नका.

तपासा : लिहिलेली तक्रार मोठ्याने वाचून दाखवली का? 'चोर', 'नेहमी', 'सगळ्यांना माहीत आहे' यांपैकी एखादा शब्द राहिला का? राहिला असेल तर काढा.

४. या प्रकरणात कोण बसणार, कोण उठणार

सात जण निवडा आणि प्रत्येक प्रकरणाला पाच बसवा. पाचांत मुलगे आणि मुली दोन्ही असावेत, आणि एक तरी धाकट्या वर्गातला असावा.

तक्रारदार किंवा समोरच्याचा भाऊ-बहीण, एकाच गावचा, शेजारच्या कॉटवरचा, एकाच कबड्डी संघातला किंवा ज्याच्याशी बोलणं बंद आहे असा कोणीही त्या दिवशी बसणार नाही. छोट्या वसतिगृहात असं पाहिलं तर कुणीच उरत नाही, मान्य आहे. मग किमान सख्खं नातं, शेजारची कॉट आणि उघड भांडण एवढं तरी टाळा. 'मी निःपक्षपाती राहीन' हे म्हणणं पुरेसं नाही. निकाल ऐकणाऱ्याला तसं वाटलंही पाहिजे.

यानुश कोर्चाक या पोलिश डॉक्टरांनी वॉर्साच्या आपल्या अनाथाश्रमात मुलांचं न्यायालय चालवलं. तिथे पाच न्यायाधीश चिठ्ठ्या टाकून निवडले जात, आणि ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही अशाच मुलांच्या चिठ्ठ्या असत. युक्ती आजही कामाची आहे. वर्षभर तेच पाच 'न्यायाधीश' राहिले की मार्चपर्यंत ते मेसमध्ये रांग मोडायला लागतात. चिठ्ठीमुळे उद्या आपणही समोर बसू शकतो हे लक्षात राहतं. कोर्चाक स्वतःही त्या न्यायालयापुढे गेले होते, सहा महिन्यांत पाचदा.

५. दोन्ही बाजूंना कळवणं

ज्याच्यावर तक्रार आहे त्याला ती संपूर्ण वाचून दाखवा, एकांतात आणि कमीत कमी दोन दिवस आधी. 'रविवारी तुझी केस आहे' एवढं जाता जाता सांगणं म्हणजे त्या मुलाची दोन रात्रींची झोप काढून घेणं. त्याला चार गोष्टी सांगा : तक्रार काय आहे, कधी आणि कुठे यायचं, सोबत एक पाठीराखा आणता येईल, आणि बोलायचं नसेल तर गप्प राहता येईल.

वेळ निवडताना पालकभेटीचा रविवार टाळा. आईवडील एसटीतून उतरत असताना मुलगा आत सुनावणीला बसलाय, हे होऊ देऊ नका. चाचणीचा आठवडाही नको आणि रात्रीच्या हजेरीनंतरची वेळही नको. रात्री घेतलेल्या सुनावण्यांत आवाज चढतात.

६. पडताळणी : झडती नव्हे

दोन सदस्य मिळून साक्षीदारांशी बोलतील, प्रत्येकाशी वेगवेगळं. खोली पाहतील, वेळा जुळवतील, खेळाच्या तासाची हजेरी बघतील. एवढंच.

कुणाचीही पेटी, दप्तर किंवा खिसा विद्यार्थ्यांनी तपासायचा नाही. 'माझी बघा ना, मी घेतलंच नाही' असं तो स्वतः म्हणाला तरी नाही. एकाने उघडून दाखवली की दुसऱ्यावर सक्ती होते, आणि जो नकार देतो तो त्या क्षणी चोर ठरतो. मुलींच्या पेटीत पाळीचे कपडे असतात, कुणाच्या पेटीत औषधं असतात, कुणाच्या वडिलांचं पत्र असतं. पाहणं खरोखर गरजेचं असेल तर ते रेक्टरचं काम आहे, त्या मुलाच्या समोर आणि एकांतात.

जुना गुन्हा हा पुरावा नाही. हे मी फार महागात शिकलो. नववीत असताना आमच्यापुढे अशीच डब्याची तक्रार आली. ज्याचं नाव आलं त्याने आदल्या वर्षी साबण उचलला होता, आणि आम्हाला तेवढं पुरलं. आम्ही त्याला आठ दिवस पंगतीत वेगळं बसवलं. सातव्या दिवशी डबा सापडला, तक्रारदाराच्याच मामेभावाच्या खोलीत. त्याने विचारून नेला होता आणि तक्रारदार विसरला होता. आठवा दिवस आम्ही माफ केला, म्हणजे 'माफ' हाच शब्द आम्ही वहीत लिहिला. तो मुलगा संक्रांतीला घरी गेला आणि परत आला नाही.

७. सुनावणी : क्रम बदलू नका

एका प्रकरणाला चाळीस मिनिटं धरा आणि घड्याळ समोर ठेवा. क्रम असा :

पहिलं, अध्यक्षाने नियम सांगायचे : एका वेळी एकच बोलेल, टोपणनाव कुणी वापरणार नाही, इथलं बोलणं इथेच राहील.

दुसरं, तक्रार वाचायची, लिहिली आहे तशीच.

तिसरं, तक्रारदाराने हवं तर भर घालायची, पाच मिनिटांत.

चौथं, ज्याच्यावर तक्रार आहे त्याने बोलायचं. त्याला मध्ये कुणी तोडायचं नाही. त्याचं संपल्यावर मनात दहा आकडे मोजा आणि मगच पुढे जा. खरी गोष्ट बऱ्याचदा त्या शांततेत बाहेर येते.

पाचवं, साक्षीदार. एकेक आत येईल, बोलेल आणि बाहेर जाईल.

सहावं, मंडळाचे प्रश्न.

सातवं, शेवटचा शब्द ज्याच्यावर तक्रार आहे त्याचा.

मंडळं नेमकी प्रश्नांवर अडखळतात. 'तू डबा घेतलास की नाही?' हा प्रश्न नव्हे, फास आहे. 'खरं बोल, देवाची शपथ घे' हाही नाही. शपथ घालू नका, देवाची नको आणि आईची तर अजिबात नको. असं विचारा :

'सोमवारी शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत तू काय काय केलंस, सांग.'

'पोट दुखत होतं. खोलीत झोपलो होतो.'

'झोपेतून कधी उठलास?'

'घंटा झाली तेव्हा.'

'तेवढ्या वेळात खोलीत कोणी आलेलं कळलं का?'

'दोघं आले होते. सातवीतले. पंप शोधत होते, सायकलचा.'

हे नवीन आहे. आता त्या दोघांना विचारायला हवं. 'घेतलास की नाही' मधून हे कधीच निघालं नसतं. आणि या टप्प्यावर सुनावणी थांबवून पुढच्या रविवारी ठेवली तर मंडळाचा कमीपणा होत नाही.

तो रडायला लागला तर थांबा आणि पाणी द्या. रडणं म्हणजे कबुली नव्हे. हसणंही नव्हे. काही मुलं भीतीने हसतात, आणि तेवढ्यावरून मंडळाचा पारा चढताना मी अनेकदा पाहिलाय.

सावधान : 'कबूल केलंस तर सोडून देऊ' असं कुणी म्हणालं की सुनावणी तिथेच रद्द. अशी कबुली वहीत घेऊ नका.

८. निर्णय : दोन प्रश्न, दोन वेगळ्या वेळी

सगळ्यांना बाहेर पाठवा. आधी एकच प्रश्न घ्या : तक्रारीत लिहिलेलं घडलं का, आणि ते याच्या हातून घडलं का? शिक्षेचा विषय काढायचा नाही. दोन्ही एकत्र बोललं की 'चल, छोटीशीच शिक्षा देऊ' म्हणून शंका असतानाही दोषी ठरवलं जातं.

मत सर्वांत धाकट्यापासून सुरू करा. बारावीतला आधी बोलला तर आठवीतली मुलगी त्याच्या मागे जाणार, यात तिचा दोष नाही. त्याहून बरं म्हणजे प्रत्येकाने चिठ्ठीवर मत आणि एका ओळीत कारण लिहावं. कारण 'ऐकलं' या रकान्यातलं असेल तर ते मत धरायचं नाही. पाचांपैकी चार जणांचं एकमत नसेल तर लिहा : 'सिद्ध झालं नाही'. 'संशयाचा फायदा' असं लिहू नका, त्यात संशय शिल्लक राहतो आणि मेसमध्ये लोक तेवढाच शब्द उचलतात.

डबा न सापडता प्रकरण संपलं, तर तेही तक्रारदाराला सरळ सांगा. वाईट वाटेल. पण मंडळ डबा शोधून देणारं खातं नाही.

९. सिद्ध झालं, तर काय देता येतं

एकच कसोटी लावा : यातून ज्याचं नुकसान झालं त्याला काय मिळालं? डबा परत देणं, चिवड्याच्या बदल्यात पुढच्या पालकभेटीला आलेल्या खाऊतला वाटा देणं (त्याच्या घरून खाऊ येत असेल तरच), वाया गेलेल्या पाळीच्या जागी तक्रारदाराची पाळी करणं, मोडलेली बादली दुरुस्त करून आणणं, समोरासमोर आणि स्वतःच्या शब्दांत माफी मागणं. मुदत लिहा. दोन आठवड्यांपेक्षा लांब मुदत कुणी पाळत नाही.

पुढच्या गोष्टी कधीही द्यायच्या नाहीत :

उठाबशा, कोंबडा, उन्हात उभं करणं, मारणं. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. शिक्षकांना जे करता येत नाही ते तुम्हालाही करता येणार नाही.

जेवण, नाश्ता किंवा गरम पाणी बंद करणं. घरी फोन किंवा पत्र बंद करणं. पैशांचा दंड, कारण तो मुलगा भरत नाही, त्याची मजुरीला जाणारी आई भरते.

संडास-बाथरूम धुण्याची शिक्षा. ते पाळीचं काम असेल तर सगळ्यांचं असेल. शिक्षा म्हणून दिलं की ते काम आणि ते करणारी माणसं दोन्ही हलकी ठरतात, आणि ते कुणाच्या वाट्याला जास्त येतं हे जुनी वही चाळून एकदा मोजा.

बहिष्कार. 'आठ दिवस कुणी बोलायचं नाही', 'वेगळी पंगत'. निवासी शाळेत याहून मोठी शिक्षा नाही, कारण ज्याला सोडून जायला घर नाही तो चोवीस तास ती भोगतो. आमच्या मंडळाने नेमकी हीच दिली होती.

१०. निकाल सांगणं आणि त्यानंतरची रात्र

निकाल त्याच दिवशी, जेवणाच्या घंटेआधी, फक्त दोन्ही बाजूंना सांगा. प्रार्थनेच्या वेळी माइकवरून नाही, सूचना फलकावर नाही. वहीत तीन ओळी पुरतात : काय ठरलं, कशामुळे, कोणत्या तारखेपर्यंत. निकाल पटला नाही तर तीन दिवसांत मुख्याध्यापकांकडे दाद मागता येईल, हे तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. कुणी दाद मागितली म्हणून सदस्यांनी तोंड फिरवायचं नाही. काही मंडळांत हाच मानापमानाचा प्रयोग आठवडाभर चालतो.

शिक्षकांनी त्या रात्री एक जादा फेरी मारावी, दिवे मालवल्यानंतर अर्ध्या तासाने. चादर ओढणं, चपला लपवणं, अंधारात आवाज काढणं तेव्हाच सुरू होतं. सदस्यांनी खोलीत या विषयावर बोलायचं नाही, अगदी जिवलग मित्राने खोदून विचारलं तरी. एक वाक्य पाठ करून ठेवा : 'वहीत आहे, माझ्याकडे नाही.'

निकालवहीत शेवटचा रकाना आखा, 'आठ दिवसांनी'. एक सदस्य तक्रारदाराला भेटेल, दुसरा ज्याच्यावर तक्रार होती त्याला, निकाल काहीही लागलेला असो. 'सगळं ठीक ना?' असं विचारू नका, त्याला 'हो' शिवाय उत्तर नसतं. विचारा, 'काल रात्री जेवायला कुणाशेजारी बसलास?' नाव आलं तर ते रकान्यात लिहा आणि प्रकरण बंद करा. 'एकटाच' म्हणाला, तर रकाना कोरा ठेवा, प्रकरण चालू आहे असं धरा आणि त्या रात्री आपलं ताट घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसा.